दूध, प्रयोगशाळा आणि कायदा : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जैवरसायनशास्त्राची. आधी दूध डेअरीच्या गुणनियंत्रणात आणि नंतर अन्न चाचणी प्रयोगशाळेत काम केलं. चोपडा-अमळनेरकडच्या मुली, शहादा-तळोद्याचे पालक, चाळीसगाव-पाचोऱ्याचे दूध उत्पादक, संकलन केंद्रावर फॅट लावणारी पोरं, सगळे प्रश्न पाठवतात आणि बरेचसे प्रश्न तेच ते असतात. ते इथे एकत्र केले आहेत. पहिले शिक्षण-नोकरीचे आहेत, मग दुधाचे, शेवटी कायद्यातल्या अडचणीच्या जागा. ज्याचं उत्तर दुसरीकडे आलं आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ताई, तुम्ही बायोकेमिस्ट. मग डेअरीत तुमचं काय काम?

दूध हे सगळं जैवरसायनशास्त्रच आहे. केसीनसारखी प्रथिनं, लॅक्टोज ही साखर, फॅट, क्षार आणि विकरं, म्हणजे एन्झाइम्स. यातला कोणता घटक किती असायला हवा, उन्हाने, आजाराने किंवा माणसाच्या हाताने तो कसा बदलतो, हे ओळखणं म्हणजे आमचं काम.

एक उदाहरण देते. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फेटेज नावाचं विकर असतं. क्षयाचे जंतू ज्या उष्णतेला मरतात, तिच्यापेक्षा किंचित जास्त उष्णतेला हे विकर निकामी होतं. पाश्चरायझेशन म्हणजे ६३ अंशांवर ३० मिनिटं किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद. पिशवीतल्या ताज्या दुधात हे विकर जिवंत सापडलं, तर दूध नीट तापलं नाही किंवा तापवल्यावर त्यात कच्चं दूध मिसळलं, हे प्लांटमधल्या नोंदवह्या न उघडता सांगता येतं.

२. मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला या क्षेत्रात जायचंय. कोणता रस्ता धरावा?

रस्ते तीन आहेत. बीएस्सी आणि मग एमएस्सी बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायॉलॉजी हा आपल्याकडे सर्वांत जवळचा. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, म्हणजे १९९० साली सुरू झालेल्या आपल्या ‘उमवि’त, लाइफ सायन्सेसच्या प्रशाळेत ही सोय आहे. दुसरा रस्ता फूड टेक्नॉलॉजीचा. तिसरा डेअरी टेक्नॉलॉजीचा: त्यासाठी वरूड (पुसद) किंवा उदगीर इथली महाविद्यालयं आहेत, दोन्ही नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाखाली. पुढे मोठी झेप घ्यायची असेल तर कर्नालची राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था डोळ्यासमोर ठेवावी.

एक खाचखळगा आधीच सांगते, कारण यात दरवर्षी मुली अडकतात. अन्न सुरक्षा अधिकारी होण्यासाठी बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, फूड किंवा डेअरी टेक्नॉलॉजी, कृषी, पशुवैद्यक यांतली पदवी चालते. केमिस्ट्रीची मात्र नुसती बीएस्सी चालत नाही, एमएस्सी लागते. आपल्याकडे तालुक्याच्या कॉलेजात बहुतेक मुली बीएस्सी केमिस्ट्रीच करतात आणि जाहिरात निघाली की कळतं, आपण पात्रच नाही. तिसऱ्या वर्षाचा विषय निवडतानाच हे डोक्यात असू द्या. डेअरी टेक्नॉलॉजीचा विचार असेल तर बारावीला गणित सोडू नका, आणि प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचा, शेजारच्याला विचारून ठरवू नका.

३. अन्न सुरक्षा अधिकारी आणि अन्न विश्लेषक यांत फरक काय?

अधिकारी नमुना घेतो, विश्लेषक तो तपासतो. दोन्ही पदं अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधली आहेत. हा कायदा प्रत्यक्ष लागू झाला ५ ऑगस्ट २०११ पासून, त्याआधी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता.

अधिकारी अन्न व औषध प्रशासनाचा, म्हणजे एफडीएचा असतो. महाराष्ट्रात ही भरती एमपीएससीमार्फत होते. त्याला दुकानात, डेअरीत, गोदामात शिरण्याचा, नमुना घेण्याचा, माल अडवून ठेवण्याचा अधिकार असतो. विश्लेषकाला एमएस्सी किंवा समकक्ष पदवी, अन्न तपासणीचा किमान ३ वर्षांचा अनुभव आणि ‘एफएसएसएआय’च्या, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या, मंडळाची अन्न विश्लेषक परीक्षा, एवढं सगळं लागतं. त्याची सही असलेला अहवाल पुढे न्यायनिर्णयासाठी जातो.

कोणतं चांगलं, असं मुली विचारतात. ज्या मुलीला चार लोकांसमोर ठामपणे बोलता येतं, फिरणं आवडतं, तिने अधिकारी व्हावं. जिला एकच आकडा तीनदा तपासल्याशिवाय चैन पडत नाही, तिने विश्लेषक. माझा जीव प्रयोगशाळेत रमतो, म्हणून माझं मत त्या बाजूला झुकतं, हे लक्षात घेऊन ऐका.

४. एमपीएससी निघाली नाही तर शिक्षण वाया जातं का?

मुळीच नाही. दूध संघ, खासगी डेअऱ्या, आइस्क्रीम आणि चॉकलेटचे कारखाने, केळीवर प्रक्रिया करणारे उद्योग, ‘एनएबीएल’ या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळा, सगळीकडे गुणनियंत्रणाला माणसं लागतात. शिवाय वर सांगितलेला ३ वर्षांचा अनुभव कुठूनतरी मिळवावाच लागतो. डेअरीच्या प्रयोगशाळेत सकाळच्या पाळीला टँकर तपासून जे शिकायला मिळतं, ते वर्गात मिळत नाही. फक्त परीक्षेच्या नादात चार-पाच वर्षं पुण्यात खोली घेऊन बसू नका. नोकरी करत अभ्यास करा.

५. आपल्या मराठी बायकांत हे काम पूर्वी कोणी केलंय का?

केलंय, आणि इतकं मोठं की प्रत्येक मुलीला ठाऊक असायला हवं. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गा भागवतांच्या भगिनी. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. १९३३ मध्ये प्रवेश मिळाला तो अटी घालून: पहिलं वर्ष परीक्षेचं, मगच पक्कं. तिथे त्यांनी दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे केंब्रिजला वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम-सी हे पेशीच्या श्वसनातलं प्रथिन शोधलं आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली.

लोक त्यांची गोष्ट इथे थांबवतात. मला त्यांचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. मुंबईत परतल्यावर त्यांनी गरिबाच्या ताटातल्या अन्नावर काम केलं: नीरा, कडधान्यं, तांदळाचं पीठ. आरे दूध प्रकल्पाला दुधाचा दर्जा सुधारण्यासाठी सल्ला दिला. मुंबईत १९६६ साली नऊ महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. कमलाबाई तिच्यात सक्रिय होत्या, १९८२-८३ मध्ये अध्यक्षही झाल्या आणि संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. केंब्रिजचा शोधनिबंध आणि किराणा दुकानातली भेसळ या दोन्हींना त्यांनी सारखंच महत्त्व दिलं. मी मुलींना हेच दाखवते.

६. बाईमाणसाला हे काम झेपतं का? रात्री-बेरात्री धाडी असतात म्हणतात.

धाडी असतात. दिवाळीआधी खवा आणि मिठाईच्या तपासण्या असतात, महामार्गावर पहाटे टँकर थांबवले जातात. सुरत-नागपूर महामार्ग आपल्या धुळे-जळगावातूनच जातो, त्यामुळे खान्देशात हे काम जास्तच. मुलगी पथकाबरोबर असते, एकटी नसते. पथक सरकारी आणि कागदोपत्री असतं.

मी पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेले तेव्हा ‘बाईला टँकरवर चढता येणार नाही’ असं तोंडावर ऐकलं. टँकरचा नमुना कसा घेतात ते सांगते, म्हणजे त्यात बाई-पुरुष काय आहे ते तुम्हीच ठरवा. मागच्या शिडीने वर जायचं, झाकण उघडायचं, आधी वास घ्यायचा. मग लांब दांड्याचा प्लंजर खाली-वर करत दूध ढवळायचं, कारण उभ्या टँकरात साय वर येते आणि वरवरचं दूध घेतलं तर फॅट खोटी लागते. नंतर डिपरने प्रत्येक कप्प्यातून वेगळा नमुना काढायचा. साडी नेसून अवघड आहे, सलवार-कमीज किंवा पँट घातली तर काहीच अवघड नाही. खरी अडचण निराळी असते: कित्येक संकलन केंद्रांवर बायकांसाठी स्वच्छतागृहच नसतं. नोकरी घेताना याबद्दल संकोच न करता विचारा.

७. फॅट कशी काढतात? मशीनवर विश्वास ठेवावा का?

वादाच्या वेळी मी आम्लाने फॅट वेगळी काढणाऱ्या गर्बर पद्धतीचीच बाजू घेते. फॅट मोजायच्या काचेच्या नळीत, म्हणजे ब्युटायरोमीटरमध्ये, आधी १० मिली सल्फ्युरिक आम्ल, त्यावर कडेकडेने १०.७५ मिली दूध, मग १ मिली अमाइल अल्कोहोल. दूध सावकाश सोडलं तर आम्लावर त्याचा वेगळा थर दिसतो, घाईने ओतलं तर तिथेच करपून काळे कण होतात आणि वाचन बिघडतं. बूच लावून फडक्यात धरून उलटसुलट करायचं. फडकं हवंच, कारण आम्ल प्रथिनं विरघळवताना बाटली हातात धरवत नाही इतकी तापते. मग सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ११०० फेऱ्यांनी चार-पाच मिनिटं, नंतर ६५ अंशांच्या पाण्यात. तपकिरी द्रवावर पिवळसर पारदर्शक फॅटचा खांब उभा राहतो. बूच हलवून खांबाची खालची कड पूर्ण आकड्याच्या रेषेवर आणायची आणि वरची कड वाचायची. दोन्हींतला फरक म्हणजे फॅट.

गावोगावचं मिल्क अ‍ॅनालायझर अल्ट्रासाउंडच्या लहरींवर चालतं. झटपट आहे, वाईट नाही. पण रोज धुतलं नाही, गाईचं दूध म्हशीच्या चॅनेलवर लावलं, किंवा वेळोवेळी गर्बरशी ताडून पाहिलं नाही, तर त्याचा आकडा भरकटतो. शंका आली तर संकलन केंद्रावर ‘गर्बर लावून दाखवा’ असं म्हणण्याचा संकोच करू नका. वजनाच्या काट्याबद्दलची तक्रार मात्र एफडीएकडे न देता वैधमापनशास्त्र विभागाकडे द्यायची असते.

८. एक थेंबही पाणी घातलं नाही, तरी आमच्या दुधाची डिग्री कमी लागते. चोर ठरवतात. काय करावं?

हा प्रश्न मार्च ते जूनमध्ये सर्वांत जास्त येतो, आणि बहुतेक वेळा विचारणारा खरा असतो.

डिग्री म्हणजे लॅक्टोमीटरवरचं वाचन. लॅक्टोमीटर दुधाची घनता मोजतो. तो २७ अंश तापमानाला बेतलेला असतो. धार काढल्या-काढल्या दूध ३७ अंशांच्या आसपास असतं, त्यात हवेचे बुडबुडे असतात आणि फॅट पातळ असते. तिन्ही कारणांनी डिग्री कमी दिसते. दूध थोडं थांबवून, थंड करून, तापमानाची दुरुस्ती धरूनच वाचन घ्यायला हवं. भुसावळ-जळगावला पारा ४५ पर्यंत जातो तेव्हा जनावर चारा कमी खातं, धापा टाकतं, आणि त्याच्या दुधातला एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, खरोखरच उतरतो. नुसता वाळला कडबा खाणाऱ्या म्हशीचंही तसंच.

उलट बाजूही ऐका. साय काढली तर डिग्री वाढते आणि पाणी घातलं तर घटते, त्यामुळे दोन्ही केलेलं दूध लॅक्टोमीटरवर साळसूद दिसू शकतं. म्हणून एकट्या लॅक्टोमीटरने कोणाला चोर ठरवू नये, सावही ठरवू नये. पाण्याचा निकाल लावायचा तर गोठणबिंदू पाहावा लागतो. दूध शून्याखाली साधारण ०.५४ अंशांवर गोठतं. त्यातला लॅक्टोज आणि क्षार जनावराच्या रक्ताशी तोल राखून असतात, त्यामुळे उन्हाळा असो, चारा कमी असो, हा आकडा फारसा हलत नाही. पाणी पडलं की तो शून्याकडे सरकतो. हे उपकरण मोठ्या डेअरीत आणि प्रयोगशाळेत असतं. आरोप झाला तर तिथे नमुना पाठवण्याची मागणी लेखी करा.

आणखी एक गोंधळ. गाईच्या दुधाचा भाव साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून बांधतात. कायद्याची किमान मर्यादा मात्र ३.२ आणि ८.३ आहे. या दोन्हींच्या मधलं दूध कायद्याने निर्दोष असतं, त्याला भाव कमी मिळतो इतकंच. भाव कापला म्हणजे भेसळ पकडली, असं संकलन केंद्रावर कोणी सुनावलं तर त्याला हे दोन आकडे सांगा.

९. नमुना ‘नापास’ म्हणजे भेसळच ना?

कायद्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांत त्यांची खिचडी होते. ‘कमी प्रतीचं’ म्हणजे ठरलेल्या मानकात न बसणारं, पण जिवाला धोका नसलेलं: फॅट किंवा एसएनएफ कमी असलेलं दूध बहुधा यात येतं, दंड ५ लाखांपर्यंत. ‘मिथ्याछाप’ म्हणजे लेबल चुकीचं किंवा फसवं, दंड ३ लाखांपर्यंत. ‘असुरक्षित’ म्हणजे आरोग्याला घातक, आणि तिथे तुरुंगवासही आहे.

एफएसएसएआयने २०१८ मध्ये देशभरातल्या १,१०३ शहरांतून दुधाचे ६,४३२ नमुने घेतले. त्यांतले जवळपास ९३ टक्के सुरक्षित निघाले. युरिया, डिटर्जंट यांसारख्या घातक भेसळीचे नमुने होते १२. फॅट-एसएनएफसारख्या दर्जाच्या निकषांत कुठेतरी कमी पडलेले मात्र सुमारे ४१ टक्के. ‘देशातलं बहुतेक दूध विषारी’ असं फिरणाऱ्या संदेशांवर विश्वास ठेवण्याआधी हे आकडे पाहा. त्याच पाहणीत अफ्लाटॉक्सिन एम-१ हे बुरशीमुळे येणारं विष जास्त असलेले ३६८ नमुने सापडले. भेसळीच्या कित्येक पट. त्याच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही, म्हणून प्रश्न ११ चं उत्तर मी मुद्दाम सविस्तर दिलं आहे.

१०. घरच्या घरी दूध तपासता येतं का?

थोडंफार. दुधात तेवढंच पाणी घालून बाटली जोरात हलवा: दाट, टिकणारा फेस आला तर डिटर्जंटचा संशय. थोडं दूध पाणी घालून उकळा, गार करा, टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका: निळं झालं तर पिष्ट, म्हणजे स्टार्च. युरियासाठी पाच मिली दुधात अर्धा चमचा तुरीच्या डाळीचं किंवा सोयाबीनचं पीठ मिसळा, पाच मिनिटांनी तांबडा लिटमस कागद बुडवा. तुरीतलं युरिएज हे विकर युरियाचा अमोनिया करतं आणि कागद निळा होतो. दुधात नैसर्गिक युरियाही थोडा असतो आणि कायद्याने १०० मिलीत ७० मिलिग्रॅमपर्यंत तो चालतो. त्यामुळे घरच्या चाचणीवरून गवळ्याशी भांडण काढू नका, प्रयोगशाळेत द्या.

कायद्याच्या कलम ४० नुसार कोणीही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. माल दोषी निघाला तर फी परत मिळते. तक्रारीसाठी महाराष्ट्र एफडीएचा टोल-फ्री क्रमांक १८००२२२३६५ आहे.

११. दूध उकळलं की सगळं मरतं ना?

बहुतेक जंतू मरतात. जंतूंनी किंवा बुरशीने तयार केलेलं विष सगळंच मरत नाही.

आपल्याकडे कापूस पिकतो, म्हणून जनावराला सरकी ढेप. पावसाळ्यात ढेपेचं पोतं गोठ्याच्या ओल्या भिंतीला टेकून, फरशीवर ठेवलेलं असतं. तळाशी हात घातला की गरम लागतं, ढेपेचा चुरा गोळे धरतो, फोडल्यावर आत हिरवट-पिवळी बुरशी, कुबट वास. ‘जनावराला काय व्हतंय’ म्हणून वरचं झटकून तेच घातलं जातं. ती बुरशी बहुधा अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस असते आणि ती अफ्लाटॉक्सिन बी-१ तयार करते. म्हशीच्या यकृतातली सायटोक्रोम पी-४५० गटातली विकरं त्याचं एम-१ करतात आणि ते दुधात उतरतं, तेही दिवसभराच्या आत. अफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगाशी जोडलेलं आहे. उकळून, पाश्चराइझ करून, दही लावून ते जात नाही. कायद्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे दहा लाख किलो दुधात अर्धा ग्रॅम.

यात दुधवाल्याने काही मिसळलेलं नसतं. बदमाशी कोणाचीच नसते, तरी लेकराच्या पेल्यात विष जातं. म्हणूनच मला हे भेसळीपेक्षा मोठं काम वाटतं. चांगली गोष्ट ही की खराब ढेप बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दूध स्वच्छ होतं. पोती लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. पावसाळ्यात एकदम महिन्याची ढेप भरू नका. बुरशी दिसली तर पूर्ण पोतं टाका, कारण वरचं झटकून विष निघत नाही.

१२. म्हशीला दगडी (कासेची सूज) झाली, सुया दिल्या. दूध कधीपासून घालावं?

पशुवैद्यकाने सांगितलेला, औषधाच्या वेष्टनावर छापलेला काळ संपल्यावर. तोवरचं दूध संकलन केंद्रावर घालू नका, घरीही पिऊ नका आणि दुसऱ्या म्हशींच्या दुधात मिसळू नका. दुधात प्रतिजैविक राहिलं तर ते उकळून जात नाही आणि डेअरीत दह्याचं विरजणच लागत नाही. दोन-चार दिवसांचं नुकसान खरं आहे, त्यासाठी संघांनी भरपाईची सोय करायला हवी, असं माझं ठाम मत आहे. शिक्षेच्या भीतीने लोक लपवतात, भरपाई असेल तर सांगतील.

१३. अधिकाऱ्याने आमच्या डेअरीतून नमुना नेला. आता पुढे काय?

घाबरू नका, पण कागद वाचल्याशिवाय सही करू नका. नमुन्याचे चार भाग होतात आणि तुमच्यासमोर सील होतात. एक अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या वरिष्ठाकडे, राहतात. चौथा भाग तुम्ही मागितला तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तुमच्या खर्चाने तपासला जातो. हा हक्क बहुतेकांना माहीतच नसतो आणि नमुना घेतानाच मागायचा असतो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तो अमान्य असेल तर ३० दिवसांच्या आत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे अपील करता येतं आणि राखून ठेवलेला भाग फेरतपासणीच्या, म्हणजे रेफरल, प्रयोगशाळेत जाऊ शकतो. अधिकाऱ्याने आकसाने कारवाई केल्याचं सिद्ध झालं तर त्यालाही दंड आहे, कलम ३९.

१४. अधिकाऱ्याने नमुन्यात फॉर्मॅलिन टाकलं! हीच तर भेसळ झाली ना?

नाही. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नमुना नासू नये म्हणून नियमांनीच ठराविक थेंब टाकण्याची मुभा दिली आहे, आणि तशी नोंद कागदावर होते. विकायच्या दुधात मात्र फॉर्मॅलिनचा एक थेंबही गुन्हा आहे. जंतूंची तपासणी करायची असेल तर फॉर्मॅलिन चालत नाही, तो नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात वेगळा न्यावा लागतो. बर्फ नसताना जंतूंसाठी नमुना नेला, तर तशी नोंद करायला सांगा.

१५. घरच्या म्हशीचं, स्वतः कढवलेलं तूप. तरी चाचणीत नापास. हे कसं?

ढेप किंवा सरकी भरपूर घालता का, हे मी आधी विचारते. उत्तर बहुधा ‘हो’ येतं.

तुपात ब्युटिरिक आम्लासारखी लहान साखळीची स्निग्धाम्लं असतात. ती वनस्पती तुपात किंवा चरबीत नसतात. रायशर्ट-माइसल, म्हणजे आरएम मूल्य, याच आम्लांचं माप. मूल्य कमी आलं की परक्या चरबीची शंका. पण सरकी खाणाऱ्या जनावराच्या दुधात ही लहान आम्लं मुळातच कमी होतात, तूप जास्त घट्ट, कणीदार होतं आणि आरएम मूल्य खाली येतं. कापसाच्या तेलासाठीची हाल्फेन चाचणीसुद्धा अशा तुपात लागू शकते, कारण सरकीतली विशिष्ट स्निग्धाम्लं जनावरातून दुधात उतरतात. तेल कोणी ओतलेलं नसतं.

जुन्या लोकांनी हे ओळखलं होतं. म्हणून तुपाच्या मानकांत कापूसपट्ट्यासाठी, म्हणजे जिथे जनावरांना सरकी मोठ्या प्रमाणावर घालतात अशा अधिसूचित भागासाठी, निराळी आणि सौम्य मर्यादा ठेवली गेली. खान्देशातल्या तुपाचा अहवाल हातात आला की पहिलं हे पाहा, की तो कोणत्या मर्यादेवर जोखला आहे. अपिलात (प्रश्न १३) जनावरांच्या खाद्याचा पुरावा, ढेपेच्या पावत्या, जोडा. बोडुइन चाचणी मात्र निराळी: वनस्पती तुपात खूणगाठ म्हणून तिळाचं तेल घालत आले, ते असलं की तांबडा-गुलाबी रंग येतो. तो आला तर ढेपेचं कारण पुढे करता येणार नाही.

प्रयोगशाळेत खान्देशच्या मुली हव्यात, असं मी म्हणते ते यासाठी. दूरच्या शहरात बसलेल्या विश्लेषकाला आकडा दिसतो. गोठ्यात वाढलेल्या मुलीला तो आकडा दिसताना ढेपेचं पोतंही आठवतं.

१६. लग्नाच्या जेवणात ‘नकली पनीर’ होतं म्हणतात. हे कायदेशीर आहे का?

पाम तेल वगैरे वापरून केलेला पनीरसारखा पदार्थ ‘अ‍ॅनालॉग’ म्हणून, तसं स्पष्ट लेबल लावून विकता येतो. तोच पदार्थ ‘पनीर’ म्हणून विकणं गुन्हा आहे. केटररकडून बिलात ‘दुधाचं पनीर’ असं लिहून घ्या.

१७. गावरान गाईचं ‘ए-टू’ दूध म्हणून दुप्पट भाव घ्यावा का?

ए-वन आणि ए-टू हे बीटा-केसीन या प्रथिनाचे दोन प्रकार. साखळीत ६७ व्या जागी एकात हिस्टिडीन, दुसऱ्यात प्रोलीन, एवढाच फरक. ए-टू दूध पचायला किंवा आरोग्याला खूप वरचढ आहे, असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा माझ्या मते नाही. एफएसएसएआयने ऑगस्ट २०२४ मध्ये असे दावे काढून टाकायला सांगितलं आणि काही दिवसांतच तो सल्ला मागे घेतला. तुमच्याकडे निमाडी गाई आहेत, त्या मोकळ्या चरतात, दूध तासाभरात थंड होतं, हे खरं असेल तर तेच सांगून भाव घ्या.

१८. घरी म्हशी आहेत, वडील दूध विकतात. मला अन्न विश्लेषक होता येईल का? आणि ओळखीच्यांचा नमुना आला तर?

कलम ४५ नुसार ज्याचा अन्नाच्या उत्पादनात किंवा विक्रीत आर्थिक हितसंबंध आहे, त्याला अन्न विश्लेषक नेमता येत नाही. वडिलांचा गोठा हा तुमचा हितसंबंध ठरतो का, हे गोठा कोणाच्या नावावर आहे, दुधाचे पैसे कोणाच्या खात्यात येतात, डेअरीत तुमचा शेअर आहे का, यावर अवलंबून राहील. निवड झाली की नेमणुकीआधीच सगळी माहिती लेखी द्या आणि उत्तरही लेखी घ्या. सभासदत्व तुमच्या नावावर असेल तर ते आधी सोडा.

नमुना प्रयोगशाळेत सांकेतिक क्रमांकाने येतो, पण तालुक्यात बातमी लपत नाही. एखादा नमुना काकांच्या डेअरीचा आहे हे कानावर आलं, तर त्याच दिवशी वरिष्ठांना चिठ्ठी देऊन तो दुसऱ्या विश्लेषकाकडे द्यायला सांगा. निकाल पास येणार असेल तरी. काका रुसतील, आई फोन करेल. चिठ्ठीची पोच मात्र स्वतःच्या फाइलला लावून ठेवा.